ब्लोअरचं तोंड गोड केलं

मित्रांनो, लपाछपी खेळताना तुम्ही ज्या लोखंडाच्या पोटात दडून बसता, ते नुसतं भंगार नव्हे. मी एक जुनी जीप आहे. चाकं गेली, टपाचं कापड उंदरांनी नेलं. आठवण मात्र शाबूत आहे.

लष्कराच्या लिलावातून हिंमतरावांनी मला सुलतानपूरला आणलं, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मी जुनीच होते. गावात दुसरी मोटार नव्हती, त्यामुळे माझ्यात सगळे गुण होते. लग्नाला मी, बाजाराला मी, मेहकरच्या दवाखान्यालाही मीच. माणसांचा जमाखर्च मी तेव्हापासून मनात मांडत आले. पुढच्या सीटसाठी जो भांडतो, तो चढावर ढकलायला कधी उतरत नाही, हे मला फार लवकर कळलं.

कारण चढ हे माझं दुखणं. थांबत, पाणी पीत, दम खात मी चढायचे, पण चढायचे. हिंमतरावांची एकुलती लेक विमल जळगाव जामोदला दिली होती. पहिल्या दिवाळीला तिला आणताना व्याही शेषरावही सोबत होते. घाटात सगळ्यांना उतरावं लागलं. शेषरावांनी धोतर सावरत एवढंच विचारलं, "व्याही, आपण गाडीत आलो का गाडीले घेऊन आलो?"

सगळे हसले. हिंमतरावही हसले, पण तो टोमणा त्यांच्या मनातून गेला नाही.

पुढे विमलला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पुन्हा तोच घाट. एसटी होती, पण व्याह्याच्या दारात एसटीनं जायला हिंमतरावांचं मन घेईना. अकोल्याच्या भंगारातून त्यांनी एक ब्लोअर आणला. विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या पुंजाजींनी समजावलं, की हा हवा गिळतो आणि इंजिनात कोंबतो, त्यानं इंजिनाचा दम वाढतो. घरच्याच लिंबाखाली माझं बॉनेट उघडलं. असलं काम दोघांपैकी कोणीच आधी केलं नव्हतं, त्यामुळे वाद असा झालाच नाही. लोखंडी पट्ट्या वाकवून ब्लोअर बसवला, नळी जोडली. इंजिनाचं पाणी थंड ठेवणारा पंखा ज्या पट्ट्यानं फिरायचा, त्यालाच ब्लोअरही जुंपला. एक बैल आणि दोन नांगर.

सुरू करण्याआधी पूजा हवीच. हिंमतरावांच्या आई गोजरबाई हळदकुंकू घेऊन आल्या. याचं तोंड कोणतं, असं त्यांनी विचारलं. पुंजाजींनी हवा आत जायची नळी दाखवली. तिच्यावर गाळणी अजून बसायची होती. नव्या सुनेला उंबऱ्यावर भरवावा, तसा म्हातारीनं गूळखोबऱ्याचा घास त्या तोंडात सारला. तो वळणात जाऊन चिकटला. पुंजाजींनी हिंमतरावांकडे पाहिलं. भरवलेला घास काढायचा कसा? तोही पोटुशी लेक घरी यायची असताना?

"राहू दे," हिंमतराव हळूच म्हणाले. "वितळून जाते तो."

वर गाळणी बसली.

खरं सांगते, जाताना मी उडत होते. शेषरावांनी बॉनेट उघडून दोनदा वाकून पाहिलं. हिंमतरावांना तेवढं पुरलं.

या खटाटोपात निघायला उशीर झाला होता. विमलचे दिवस भरत आले होते. परतताना ती मागे गोधडीवर बसली. घाटाच्या पायथ्याशी आम्ही एसटीला मागे टाकलं. हिंमतरावांनी गरज नसताना भोंगा वाजवला. मग चढ लागला. नळी तापली, गूळ पातळ झाला आणि खोबऱ्याचा तुकडा सुटून ब्लोअरच्या दातांत गेला. ब्लोअर अडकला, पट्टा तुटला, पंखा थांबला. मी वाफ सोडत उभी राहिले.

मागून तीच एसटी आली. कंडक्टर खाली उतरला. "पाटील, पोरीले तरी बसू द्या."

हिंमतरावांना एसटी दिसत नव्हती. खिडक्यांतले जळगाव जामोदचे ओळखीचे चेहरे दिसत होते. "जराशाचं काम आहे. व्हा तुम्ही पुढं."

"बाबा, मले बसू द्या ना एसटीत," विमल म्हणाली.

"दम धर, बाई. आत्ता सुरू होते."

एसटी गेली. मी सुरू झाले नाही. ऊन उतरल्यावर एक बैलगाडी मिळाली आणि तिच्यातून बापलेक गेले. पुढचं मला बैलांनी ओढत घरी आणल्यावर कानावर आलं. मेहकरचा दवाखाना गाठायच्या आधीच, त्या गाडीतच विमल बाळंत झाली. मुलगा होता. त्यानं पहिला दम घेतलाच नाही.

ब्लोअर काढून गोठ्यामागे टाकला गेला. घासाचं गोजरबाईंना कोणी सांगितलं नाही. येताजाता त्या माझ्याकडे पाहून म्हणत, "माहा गूळ खाल्ला न् गुळाले जागली नाही." मी ऐकून घेई. मला जीभ असती, तरी त्या म्हातारीला मी खरं सांगितलं नसतं.

मित्रांनो, जुन्या यंत्राला तेलपाणी द्या, त्याची निगा राखा. ते चढावर थांबलं, तर थांबू द्या. आणि वाटेत कोणी 'या, बसा' म्हणालं, तर खिडकीतले चेहरे मोजत बसू नका.

विमल अजून दिवाळीला येते, एसटीनंच. हिंमतराव थांब्यावर जाऊन तिची पिशवी घेतात. घराजवळच्या या चढावर आता त्यांनाच धाप लागते. मग ते माझ्या बॉनेटला टेकून उभे राहतात, खाली बघत. विमल त्यांच्या हातातली पिशवी काढून घेते.

"दम खा, बाबा," ती म्हणते. "घाई नाही."