शेवटच्या रिळाची संध्याकाळ

बाबा नागपुरात हुडकेश्वरच्या दीड खोलीत राहतात आणि एका संध्याकाळवर जगतात. ती एका जुन्या तेलुगू पिक्चरच्या शेवटी येते. धरणाच्या कामावर दबून मेलेल्या नवऱ्याचं प्रेत येईल म्हणून बाई कोरड्या नदीत उभी आहे. पिवळी, विझत आलेली सांज. बाबा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. अकरा आठवडे त्यांनीच तो चालवला. शेवट बघायला आई सातदा आली. आई गेली, टॉकीज पाडली. सांज उरली.

हिमानी चेन्नईत जुन्या पिक्चरचे उडालेले रंग परत भरते. मूळची आपल्या नागपूरची. त्या तेलुगू पिक्चरची एकच प्रिंट उरली होती, तीही नासून पार गुलाबी. खरे रंग सांगणारं दुसरं कोणी जिवंत नव्हतं. बाबांनी सांगितलं, तिने तशी सांज रंगवली. सुरुवातीच्या पाटीवर बाबांचं नाव येणार होतं. बाबांनी नवा शर्ट शिवला.

दोन महिन्यांनी ती लॅपटॉप घेऊन आली.

"काका, तिच्या पायाशी बघा. सावली कुठं आहे?"

बाबा वाकले. सावली पावलांखालीच होती, भाकरीएवढी.

"सांज असती तर सावली लांब पडली असती. ही भर दुपार आहे."

"मी काय आंधळा होतो काय वं? डोळ्यानं पाहिली मी."

मग त्यांनी पाणी मागितलं, प्यायले नाहीत.

"कार्बन," ते म्हणाले. "प्रोजेक्टरमध्ये त्याच्या दोन कांड्या जाळून पडद्यावर उजेड पाडत होतो आम्ही. मालक मोठा चिंगूस. उरलेले तुकडे शेवटच्या रिळाले जाळा म्हणे. तुकड्यांचा उजेड पिवळा पडते."

त्या दिग्दर्शकाने बाईला पांढऱ्या उन्हात उभं केलं होतं, सावलीचाही आधार ठेवला नव्हता. सरळ शिवी होती ती, धरण बांधणाऱ्यांना. नागपुरात एका चिंगूस माणसाने तिची सांज केली आणि आम्ही हुंदके देत घरी गेलो. आईसुद्धा.

"दुपार कर," बाबा हिमानीला म्हणाले. "अन् माझं नाव काढ."

"काका, नाव राहू द्या ना."

"काहून? मालकाचं टाक."

पिक्चर मोबाइलवर आला. शेवट लागला तसा बाबांनी स्क्रीनचा उजेड कमी केला. अजून कमी केला. बाई पिवळी काही होईना. नुसती काळी पडत गेली.