गेटवरचा सॅव्हियो

“सॅव्हियो, पाच मिस्सांची माणसं आत सोडलीस. तू स्वतः कधी येणार आत?” फादरांनी विचारलं.

सॅव्हियो रुमाव नुसता हसला. आखातातल्या ऊद मेथाच्या चर्चच्या गेटवर दर रविवारी स्वयंसेवकाचा पट्टा लावून तो उभा राही. वसईची मंडळी त्याच्या भक्तीचं कौतुक करत. त्या दिवशी मात्र ते कौतुक त्याला सोसवेना.

“फादर, मी देवासाठी येत नाही. भावाला शोधायला येतो.”

धाकट्या व्हिवियनला त्यानंच इथं आणलं होतं, जबल अलीतल्या आपल्याच कंपनीत. सॅव्हियो ऑफिसात व्हिसाचे कागद बघायचा, व्हिवियन गोदामात होता. नऊ वर्षांपूर्वी फोरमनशी भांडून व्हिवियन कामावरून निघून गेला. चौथ्या दिवशी मॅनेजर टेबलापाशी येऊन म्हणाला, “भाऊ तुझा आहे. संध्याकाळपर्यंत तो पळाल्याचा रिपोर्ट गेला नाही, तर तूही घरी जा.” सॅव्हियोनं रिपोर्ट टाइप केला. भावाचं नाव, पासपोर्ट नंबर, सगळं तपासून पाठवून दिलं. त्या रिपोर्टनं व्हिवियन बेकायदा ठरला, दिसेल तिथं पकडला जाईल असा. त्यानंतर व्हिवियनचा फोन कधी लागला नाही. पाठमोरा, किंचित खांदा पाडून चालणारा कुणीही दिसला की सॅव्हियो त्याच्यामागं धावायचा. मेट्रोत दोनदा त्यानं अनोळखी माणसांना हाक मारली होती.

“नाताळला, ईस्टरला तरी येईलच ना चर्चला. रोमन कॅथलिक माणूस, जाणार कुठं?” सॅव्हियो म्हणाला.

“आणि आला तर काय म्हणशील त्याला?” फादर म्हणाले.

सॅव्हियोनं पट्टा सरळ केला. “काही नाही. त्यानं म्हणायचं, माफ केलं. एवढंच.”

त्याच आठवड्यात गोदामात नवीन लागलेला दत्ताराम कागदांवर सह्या करायला ऑफिसात आला. देवगडकडचा, चाळिशीचा माणूस. सही करता करता टेबलाच्या काचेखालच्या फोटोवर त्याचं बोट थांबलं.

“साहेब, हे व्हिवियनभाऊ तुमच्याकडे कसे?”

सॅव्हियो उठून उभा राहिला. “कुठं आहे तो?”

दत्तारामनं हातातलं पेन हळूच खाली ठेवलं. “गेले ते. दोन वर्षं झाली. अल कूजला आम्ही एका खोलीत होतो. किडनी गेली होती. कागद नव्हते, म्हणून हॉस्पिटलला जायला घाबरायचे. मग सरकारनं बिनकागदवाल्यांना माफी जाहीर केली, पण ती ते गेल्यावर.”

“घरी कसं कळलं नाही कुणाला?”

“घरचा नंबर माझ्याकडे नव्हता. आणि त्यांच्याजवळचं ओळखपत्र दुसऱ्याचं होतं, कुणा केरळच्या माणसाचं. त्याच नावानं पुरलं. इथं जवळच, जबल अलीत.”

खिडकीबाहेर फोर्कलिफ्ट मागं येताना वाजत होती. ती थांबली. मग सॅव्हियोनं विचारलं, “चर्चला जायचा का रे?”

“एकदाच गेलो. नाताळच्या सकाळी मला घेऊन गेले, नवीन शर्ट घालून. गेट दिसलं आणि रस्त्यातच थांबले. म्हणाले, दत्ता, माझा भाऊ उभा आहे. एकेकाचं तोंड बघतोय. मला धरून द्यायला आलाय. चल, खलास. परत काय गेले नाहीत.” दत्तारामनं मान वर केली आणि सॅव्हियोचा चेहरा बघून तो चरकला. “साहेब... तुम्ही?”

सॅव्हियोनं होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाफ डे टाकून दोघं कबरस्तानात गेले. ऊन मी म्हणत होतं. वाळूत सारख्या अंतरावर थडगी होती. दत्ताराम मोजत मोजत एकापाशी थांबला. सिमेंटच्या चौकोनावर नंबर होता आणि खाली एका परक्या माणसाचं नाव. सॅव्हियो ते नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिला. माफ केलं म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. गुडघे टेकले तेव्हा वाळूनं पॅन्टमधूनही भाजलं, पण तो उठला नाही.

“काही म्हणायचा का शेवटी?”

“रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन बसायचे. नमो मारियाची प्रार्थना. अर्धं ते म्हणायचे, पुढचं अर्धं, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, ते मला शिकवलं होतं. म्हणाले, उत्तर द्यायला कुणीतरी लागतं. शेवटच्या दिवशी त्यांना बोलवेना. मी आपलं माझंच अर्धं म्हणत बसलो.”

दत्तारामनं डोक्यावरची टोपी काढली, चपला बाजूला सारल्या आणि हात जोडून तो उभा राहिला.

“पहिलं मला येत नाही, साहेब. ते तुम्ही म्हणा.”

सॅव्हियोचे दोनदा ओठ हलले, आवाज फुटला नाही. दत्ताराम तापल्या वाळूत अनवाणी उभा राहून आपली पाळी येण्याची वाट बघत होता.