मी म्हण

मॅडमनी पेन्सिलीचं बूड टेबलावर आपटलं, तशी मुंगी वाक्याच्या मध्येच थांबली.

"पुन्हा 'आम्ही'! मुलाखत तुझी आहे की अख्ख्या खानदानाची?"

"चुकलं मॅडम. आम्ही... मी पाइपाला माइक चिकटवला, आणि गळतीचा आवाज..."

मुंगी हे नाव वर्गानेच पाडलेलं. अंगाने एवढीशी, आणि सदा कशाच्या ना कशाच्या मागे. जमिनीखालचा पाइप कुठे फुटलाय ते न खणता, नुसत्या आवाजावरून ओळखायचं, हा तिचा विषय. पीएचडीच्या प्रवेशाची मुलाखत महिन्यावर आली होती.

ज्यांच्या घरातून आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, अशा मुलामुलींना मॅडम दर शनिवारी प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत बसवून अशा मुलाखतींसाठी तयार करत. सहकारी म्हणत, कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजताय? मॅडम हसून भाजत राहत. त्या स्वतः अशाच घरातल्या. पहिल्या मुलाखतीत त्याही सगळीकडे "आम्ही केलं, आम्ही पाहिलं" म्हणाल्या होत्या, आणि समोरच्याने अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "मग त्यात तुम्ही काय केलंत?" त्या एका प्रश्नापायी हातातला प्रवेश गेला. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं; मॅडम तर पाणीसुद्धा फुंकून पीत.

"पण मॅडम, आम्ही दोघं असायचो तिथे," मुंगी खालच्या आवाजात म्हणाली.

"दुसरं कोण?"

"बाबा. तळघरात अंधार असतो ना. ते बॅटरी धरायचे."

"बॅटरी धरणं म्हणजे संशोधन नव्हे, बाळ."

बाबा दाराबाहेरच्या बाकावरच बसले होते. एका मोठ्या इमारतीत ते सफाईचं काम करत, आणि तिथल्याच तळघरात लेकीचे प्रयोग चालत. तिला न्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, हे मॅडमच्या उशिरा लक्षात आलं. पण ते उठून दारात आले ते हसतच.

"चांगली वाजवा पेन्सिल, मॅडम. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणते जरा डावीकडे, की मी डावीकडे. हिची आई गेल्यापासून घरात माणसं दोनच. 'मी' म्हणायची सवयच लागली नाही पोरीला."

"लागेल," मॅडम म्हणाल्या.

"लावाच."

पुढच्या शनिवारपासून बाबाही बाहेर कान देऊन बसू लागले. आत "आम्ही" आलं की पेन्सिल वाजे, आणि लगेच बाहेरून बाबांचा खोकला. मुंगीला हसू फुटे आणि मॅडमना राग धरून ठेवता येत नसे. तीनेक आठवड्यांत "आम्ही" निम्म्यावर आलं. पार गेलं मात्र नाही.

मुलाखतीच्या थोडे दिवस आधी बाबा झोपेतच गेले.

मॅडम मुंगीच्या घरी गेल्या. एकच खोली. खिळ्याला बाबांचा कामाचा सदरा, त्याच्या खाली चार्जिंगला लावलेली बॅटरी. मुंगी भिंतीला टेकून बसली होती. तारीख पुढे ढकलायला सांगते, असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा कुठे ती हलली.

"नको मॅडम. बाबांनी त्या दिवसाची रजा टाकून ठेवली होती."

मुलाखतीच्या दिवशी मॅडम हॉलबाहेर बसल्या. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतला शब्द न् शब्द कानावर येत होता. मी माइक चिकटवला. मी आवाज वेगळा काढला. तिथे माझं चुकलं, मग मी पुन्हा मोजलं. पोरगी कुठे म्हणून अडखळली नाही.

"त्या तळघरात हे सगळं एकटीनेच केलंत?" कुणीतरी विचारलं.

मॅडमच्या हातात पर्समधली पेन्सिल कधी आली, ते त्यांनाही कळलं नाही.

"हो. एकटीनेच," मुंगी म्हणाली.

बाहेर आल्यावर ती मॅडमच्या समोर उभी राहिली. "एकदासुद्धा 'आम्ही' म्हटलं नाही, मॅडम."

"ऐकलं मी."

शाबास हा शब्द तोंडाशी आला होता, तो काही केल्या निघेना. हेच तर त्यांना हवं होतं, आणि आता ते बघवत नव्हतं. त्यांनी तिला जवळ घेतलं.

प्रवेश मिळाला. संस्था लांबच्या शहरात होती. निघण्यापूर्वी पाइपावरचे माइक काढून आणायचे होते, तेव्हा मॅडम म्हणाल्या, मी येते बरोबर.

तळघरात भरदुपारीही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. मुंगीने पिशवीतून बाबांची बॅटरी काढली. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून ती दातांत धरायला लागली, तशी मॅडमनी ती काढून घेतली.

"जरा डावीकडे," मुंगी म्हणाली.

मॅडमनी उजेड डावीकडे नेला.

"थोडा वर. हं, तसाच राहू द्या."

एकेक माइक सुटत गेला. मॅडमचा दंड भरून आला, पण हात हलला की मुंगीची बोटं अंधारात जात. बाबा असे किती वेळ उभे राहत असतील, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

शेवटचा माइक भिंतीलगत, पाइप वळतो तिथे होता. मुंगीने तो लगेच काढला नाही. पाइपावर तळहात ठेवून ती थांबली.

"इथेच पहिल्यांदा सापडली गळती, मॅडम. आम्ही..."

आणि तिने जीभ चावली. मान तशीच खाली, पेन्सिलीची टकटक ऐकायची वाट बघत.

मॅडमनी बॅटरी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"सांग ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी काय केलंत?"