चौथा कप्पा

"तीन नंबरची गेलीय," म्हणत जावयाने पेटीच्या तिसऱ्या कप्प्याच्या खटक्याला हात घातला.

"हात काढा आधी!" नाना कडाडले.

पेटीत चार हार्ड डिस्क होत्या. एक गेली तरी उरलेल्या तिन्ही काम ओढतात. त्यातली अजून एक हलली की सगळंच गेलं. आणि पेटीत नानांच्या बायकोचा आवाज होता. अंध मुलांसाठी तिने अकरा वर्षं याच मागच्या खोलीत बसून पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड केली होती. तिला जाऊन सात महिने झाले होते.

"अहो नाना, पडद्यावर स्वच्छ तीन दिसतंय."

"ही पेटी शून्यापासून मोजते. तिची तीन म्हणजे आपली चौथी. कॉम्प्युटरचं दुकान कोणाचं, जावईबापू? तुमचं की माझं?"

"प्रत्येक पेटीचं वेगळं असतं हो. माणूस चुकतो."

"म्हणून तर दिवा दिलाय! बटण दाबा, बिघडलेलीचा दिवा लुकलुकेल."

जावयाने दाबलं. चौथ्या कप्प्याचा दिवा लुकलुकू लागला. जावई चोरासारखा बघत राहिला.

"आणि बाहेर वेगळी नक्कल काढली होतीत ना?"

"चार डिस्क आहेत म्हणजे नक्कल आहेच की आत."

नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पेटी जळली तर चारही जळतील! तिच्या तेराव्याला म्हणालात, 'मी काढून देतो, होऊन जाईल.' होऊन जाईल, होऊन जाईल! डॉक्टरही हेच म्हणत होते. झालं का?"

जावई तडक दुकानात गेला. बाहेरून जोडायची मोठी डिस्क आणून त्याने नक्कल काढायला लावली. दुपार त्यातच गेली. नाना खुर्ची टाकून पेटीसमोर बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत.

"झाली. काढू आता जुनी?"

"नक्कल वाजते का ते कोण बघणार? माझे सासरे?"

जावयाने एक धडा लावला. "पान बेचाळीस," ती म्हणाली, जरा खोकली, आणि पुढे वाचू लागली. नानांनी तो आवाज सात महिन्यांत लावलाच नव्हता.

"बंद करू, नाना?"

"हात लावाल तर याद राखा."

पूर्ण धडा संपेपर्यंत नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग तसेच, न वळता म्हणाले, "हं. काढा आता. आणि हलक्या हाताने."