वडवणाई डॉट कॉम

व्यवहार जमला असता तर सुशांत पेडणेकरच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. एक, साठ हजार रुपये, वजा एकशे नव्याण्णव. दोन, बायकोचं तोंड बंद. तीन, चकाल्याच्या कुरियर कंपनीत तक्रारींचे फोन घेत "सर, तुमचं पार्सल वाटेत आहे" हे वाक्य दिवसातून नव्वद वेळा म्हणण्यापासून सुटका. लगेच नाही, पण सुटकेची वाट तरी दिसली असती. भांडवल म्हणाल तर एक नाव. तेही स्वतःचं नव्हे, देवीचं.

धंदा असा होता. इंटरनेटवर दुकान मांडायचं तर नाव लागतं, आणि ते नाव जो आधी नोंदवेल त्याचं. तेव्हा लोकांना पुढे लागतील अशी नावं आज स्वस्तात घेऊन ठेवायची, आणि गरजू माणूस हात जोडत आला की मागायची ती किंमत मागायची. निदान व्हिडिओतला माणूस तसं सांगत होता, आणि त्याच्या मागे स्विमिंग पूल होता. सुशांतच्या मागे घाटकोपरच्या भटवाडीतली दहा बाय पंधराची खोली होती, पण पुढचं चित्र त्याला अगदी स्पष्ट दिसत होतं.

गेल्या मार्चमध्ये त्याने आठवडाभरात पंचेचाळीस नावं घेतली. घाटकोपरथाळी, मुलुंडमोदक, अंधेरीएआय, बोरिवलीबंगलो.

"बोरिवलीत बंगले उरलेत कुठे?" श्वेताने विचारलं होतं. श्वेता त्याची बायको. पंतनगरच्या एका सीएच्या ऑफिसात लोकांचे हिशेब तपासायची, त्यामुळे तिचे प्रश्न नेहमी असे नको तिथे बोट ठेवणारे.

"म्हणून तर भाव येणार ना," सुशांत म्हणाला.

मढबंगलो हे नाव घेऊन तो एकदा वर्सोव्याहून फेरीबोटीने पलीकडेही गेला. शूटिंगला बंगला देणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला व्हरांड्यात बसवलं, लिंबू सोडा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "शूटिंगवाल्यांकडे माझा नंबर आहे, बाबा. फोन करतात, येतात, भिंतीला खिळे ठोकून जातात. नाव कशाला?" सोड्याचे पैसे घेतले नाहीत. त्या वर्षातली सुशांतची तेवढीच कमाई.

आणि मग जानेवारीत मेल यायला लागले. पहिल्या वर्षी नावाला एकशे नव्याण्णव, दुसऱ्या वर्षापासून अकराशे. ही ओळ पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात होती आणि सुशांतने ती वाचली नव्हती. पंचेचाळीस नावं, प्रत्येकी अकराशे. श्वेताने तोंडीच गुणाकार केला.

"एकोणपन्नास हजार पाचशे. मार्चमध्ये. कुठून?"

"एखादं विकलं की निघतील."

"ठीक आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत एक नाव विक. फक्त एक. विकलंस तर मी एक शब्द बोलणार नाही, वर्षभर कर काय करायचं ते. नाही विकलंस तर दुकान बंद. नंतर यार-बिर चालणार नाही."

"एकच ना?"

"एकच."

तो हो म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याला एका जागी बसवेना. फोन वाजला की कुणाची तरी बोली आली असं वाटायचं. निघायचं काय, तर वीजबिल. ऑफिसात एका बाईला तो म्हणाला, "मॅडम, तुमचं पार्सल लिलावात आहे." ती बाई वरच्या साहेबांपर्यंत गेली. जेवतानाही डाव्या हाताने तो भाव बघायचा, घास आमटीऐवजी पाण्याच्या ग्लासात जायचा.

वाट दाखवली ती आईने, आणि तिला ते कळलंही नाही. सुगंधाबाई गाववाल्यांकडच्या हळदीकुंकवाहून परतल्या त्या बातमी घेऊनच. वडवण्याच्या देवीचं, वडवणाईचं, देऊळ नव्याने बांधायचं ठरलं होतं. गावच्या मुंबईतल्या मंडळाने वर्गणीसाठी वेबसाइट काढायचं ठरवलं होतं.

"कुठल्या मंडळाने?" सुशांतने विचारलं.

"दोनय मंडळांनी. येगयेगळी."

सुशांत पाटावरून उठलाच. अकरा वर्षांपूर्वी पालखीचा पुढचा दांडा कुणी धरायचा यावरून वरची वाडी आणि खालची वाडी फुटल्या होत्या. गाव एक, देवी एक, मुंबईतली मंडळं दोन. वरच्या वाडीचं घाटकोपरला, खालच्या वाडीचं बोरिवलीला. दोन गिऱ्हाइकं, एकमेकांचं तोंड न बघणारी, आणि नाव एकच. व्हिडिओतल्या माणसाने याहून सुंदर काही सांगितलं नव्हतं. हात पुसायच्या आत त्याने वडवणाई डॉट कॉम घेतलं. एकशे नव्याण्णव रुपये, शेहेचाळिसावं नाव.

पेडणेकर मात्र दोन्ही वाड्यांतले नव्हते. सुशांतचा आजोबा पेडण्याहून घरजावई म्हणून वडवण्यात आला, आणि सत्तर वर्षं झाली तरी गावाने त्यांना जागा दिली ती रांगेच्या शेवटची. गावात प्रत्येक घराण्याचा काही ना काही मान असतो. कुणाची पहिली ओटी, कुणाची मशाल, कुणाचं होळीचं झाड. पेडणेकरांचा मान काहीच नाही. सुगंधाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून जत्रेत सगळ्या बायकांच्या ओट्या भरून झाल्या की मग पुढे व्हायच्या. तोवर समईतलं तेल संपत आलेलं असायचं. सुशांतने ते लहानपणापासून बघितलं होतं, पण धंद्यात ते कुठे येत नव्हतं. उलट बरंच होतं. दोन्हीकडे नातं नाही म्हणजे दोन्हीकडे भाव करता येतो.

त्याने पहिला फोन धोंडिराम घाडीगावकरांना केला. हे वरच्या वाडीचे अध्यक्ष, पंचाहत्तरीचे, जुने गिरणी कामगार, आता भटवाडीतल्या महापालिका शाळेचा वर्ग सभेला मिळवून देण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे.

"काका, देवीचं नाव माझ्याकडे आहे. साठ हजार."

"बगतंय," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसरा फोन बाळा मेस्त्रीला. हा खालच्या वाडीचा सेक्रेटरी, बोरिवलीत पीओपीची कामं घेणारा, चाळिशीचा, गोड बोलणारा.

"बाळादादा, वरचे पन्नास म्हणतायत. तुम्ही साठ केलेत तर तुम्हाला."

वरचे काहीच म्हणाले नव्हते, पण व्हिडिओत याला कौशल्य म्हणतात.

"पन्नास?" बाळा म्हणाला. "धोंडिरामकाकांनी? स्वतःच्या तोंडाने?"

"जवळजवळ."

"बघतो रे. झकास काम केलंस हां, सुशा."

त्यानंतर नऊ दिवस कुणी काही बोललं नाही. सुशांत फोन चार्जिंगला लावून त्याच्यासमोर उभा राहायचा. पन्नासला द्यावं का, असं त्याने श्वेताला चौथ्या दिवशी विचारलं, चाळीसला द्यावं का असं सहाव्या.

"मला काय विचारतोस, देवीला विचार," श्वेता म्हणाली. "मालक ती आहे."

"मालक मी आहे. रीतसर नोंद आहे."

"तेच देवीला सांग."

दहाव्या दिवशी बाळाचा मेसेज आला. रविवारी अकरा वाजता, महापालिका शाळा, भटवाडी. दोन्ही मंडळांची एकत्र सभा, तू यायचंसच. सुशांतने तो चारदा वाचला. दोन्ही मंडळं एका खोलीत, म्हणजे लिलाव. समोरासमोर. साठचे सत्तर होतील, मेस्त्री चिडला तर ऐंशी. शनिवारी त्याने शर्टाला दोनदा इस्त्री केली. सुगंधाबाई म्हणाल्या, मीही येते, सगळ्या बायका येणार आहेत. श्वेता म्हणाली, मीही येते, मला बघायचंय.

वर्गात पुढे टेबल, टेबलावर देवीचा फोटो, हार, नारळ. अकरा वर्षांत पहिल्यांदा एका बाकावर धोंडिरामकाका आणि बाळा मेस्त्री मांडीला मांडी लावून बसले होते. इथे सुशांतला काहीतरी वास यायला हवा होता. पण तो मनात ऐंशीतून अकराशे गुणिले पंचेचाळीस वजा करत होता.

काका उभे राहिले. त्यांनी सुगंधाबाईंना हाताने खूण केली. "वैनी, थय मागे कित्या बसलंस? हय पुढे ये."

सुगंधाबाईंना वाटलं मागच्या कुणाला तरी बोलावतायत. त्यांनी वळून बघितलं. मग कुणीतरी त्यांना उठवून पहिल्या बाकावर नेलं, मानकऱ्यांच्या बायकांच्या ओळीत. त्या अर्ध्याच बाकावर टेकल्या, उठवलं तर पटकन उठता यावं अशा.

"मंडळी," काका म्हणाले, "आमच्या ह्या झिलाचो माका फोन इलो. देवीचा नाव माज्याकडे असा म्हणालो. फुडे कायतरी आकडो बोल्लो, पण माका कमी आयकाक येता. बाळाक पण फोन गेलो. मग बाळान माका फोन केल्यान. अकरा वर्सांनी. मी इचारलंय, बाळा, देवीचा नाव कोण इकता काय रे? तो म्हणालो, नाय काका, इकूक खय येता? मग झिलान ता घेतल्यान कशाक? राखूक. दुसरो कोणतरी घेयत म्हणान. बरोबर मा?"

वर्गात टाळ्या झाल्या.

"आता सवाल असो की ह्यो मान कोणाचो," काका पुढे म्हणाले. "वरच्यांका दिलो तर खालचे रुसतले. खालच्यांका दिलो तर मी रुसतलंय. पेडणेकर दोनय वाडीतले नाय. म्हणान आमी दोगांनी ठरवला. नाव ज्याच्याकडे, मान त्याच्याकडे. देवीच्या नावाची राखण पेडणेकरांच्या घराण्याची. आजपासून. जत्रेक वैनीची ओटी पयल्या पाचांत." ते सुशांतकडे वळले. त्यांचे डोळे मात्र अजिबात म्हातारे नव्हते. "तुझा काय म्हणणा असात तर सांग, झिला. समद्यांसमोर सांग."

म्हणणं त्याच्याकडे होतं. घरून तयार करून आणलं होतं, 'बाजारभाव' हा शब्द दोनदा होता त्यात. समोर सत्तर माणसं वाट बघत होती. पहिल्या बाकावर आई आता पूर्ण बाकावर बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, आणि त्याच्याकडे बघतही नव्हती. ती फोटोकडे बघत होती. मागच्या बाकावर श्वेता कपाळाला हात लावून. ती हसत होती की काय, ते कळत नव्हतं.

"नाही," सुशांत म्हणाला. "म्हणजे काही नाही, काका."

काकांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवी वडवणाये, आज ह्या तुज्या लेकरान तुज्या नावाची राखण पत्करल्यान हा."

"व्हय म्हाराजा," वर्ग म्हणाला.

"ह्यो मान त्येच्या घराण्याक पिढ्यानपिढ्या लाभांदे."

"व्हय म्हाराजा."

"आणि वर्साच्या वर्साक जो काय खर्च येयत, तो भरूची त्येका ताकद दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांत सुशांतही होता. गाऱ्हाणं थांबलं की तोंड आपोआप उघडतं, अशी लहानपणापासूनची सवय. शब्द बाहेर पडल्यावर त्याला त्यांचा अर्थ लागला.

नंतर चहा झाला. बाळा मेस्त्री त्याला खिडकीशी घेऊन गेला.

"पन्नास ना?" बाळा म्हणाला. "काकांनी जन्मात कुणाला पन्नास रुपये दिले नाहीत रे. आकडा ऐकला तेव्हाच मी त्यांना फोन लावला. तू वरच्यांना विकतोयस म्हणून भांडायला लावला होता. ते म्हणाले, मी कुठे घेतोय, बाळा, तूच घेतोयस ना? तेव्हा कळलं, तू आम्हा दोघांनाही फिरवतोयस."

"दादा, पण माझे पैसे अडकलेत. पंचेचाळीस नावं आहेत."

"ती कुठल्या देवीची आहेत?"

"एकही नाही."

"मग त्यात मंडळ काय करणार?" बाळाने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "एक सांगू? तू नसतास तर आम्ही अजून अकरा वर्षं भांडलो असतो. फुकटात मिटलं."

अठ्ठावीस फेब्रुवारीला श्वेताने काही विचारलं नाही, आणि ते जास्त अवघड होतं. सुशांतने आपणहून लॅपटॉप उघडला आणि पंचेचाळीस नावांपुढची मुदतवाढीची खूण एकेक करून काढली. मुलुंडमोदकपाशी त्याचा हात थोडा थांबला. शेवटी यादीत एकच नाव उरलं.

"हे दर वर्षी भरायचं?" श्वेताने मागून विचारलं.

"दर वर्षी. विसरलो तर दुसरा कुणी घेईल. मग आई गावात तोंड कसं दाखवणार?"

स्वयंपाकघरात सुगंधाबाई गावी फोनवर बोलत होत्या. जत्रेला कोणती साडी नेसायची, यावर बोलणं चाललं होतं आणि ते अर्ध्या तासात संपेल असं वाटत नव्हतं.

"एकदम किती वर्षांचं भरता येतं?"

"जास्तीत जास्त दहा. एक झालंय. नऊ उरली."

"सरक."

ती खुर्चीवर बसली, पर्समधून स्वतःचं कार्ड काढलं आणि आकडे टाकले. सुशांत मागे उभा राहून बघत होता.

तर हिशेब असा झाला. वरच्या वाडीने नारळ दिला, तो टेबलावरचाच होता. खालच्या वाडीने शाल दिली, तिच्यावर आदल्या वर्षीच्या कुठल्याशा सत्काराची पिन तशीच होती. चहाचे पैसे शाळेच्या शिपायाने काकांच्या खात्यावर मांडले आणि काकांनी ते पुढच्या सभेवर ढकलले. सुशांतचे नऊ हजार एकशे चोपन्न आणि एक धंदा गेला. वडवणाईचं नाव पुढची दहा वर्षं सुरक्षित राहिलं, त्यातल्या नऊ वर्षांचे नऊ हजार नऊशे श्वेताने भरले.