जपून ठेवलेला सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जुना म्हणजे वयाने. वापराने म्हणाल तर कोरा करकरीत. माझ्या दुःखाचं मूळ तेच आहे, आणि आज ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगं बसवली. शेवटी त्याने स्वतः वाकून पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, याच्यातून बघणाऱ्या पोरांची मजा आहे. मला वाटलं, आपलं नशीब फळफळलं. मग मी शहराच्या कडेच्या या सरकारी माध्यमिक शाळेत आलो. खोकं उघडलं तेव्हा मुलांची झुंबड उडाली. तेवढ्यात विज्ञानाचे सर पुढे झाले आणि म्हणाले, "जपून!"

झालं. तिथेच माझा घात झाला. सरांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीवर फडकं गुंडाळलं, फडक्यावर सुतळी बांधली आणि कपाटाला कुलूप ठोकलं. मुलं त्यांना जपूनसर म्हणतात ते उगाच नाही. माणूस वाईट नाही हो. माझ्यावर जीव आहे त्यांचा. पण असा जीव लावण्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या. पाहुणे आले की मला टेबलावर मांडायचं, ते गेले की पुन्हा कपाटात. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी शिकवायच्या तर सर फळ्यावर विटांची भिंत काढत, मुलं ती उतरवून घेत, आणि सगळे खूश. मी आत हात चोळत बसे. मला हात नाहीत, ही गोष्ट वेगळी.

यंदा नव्या मुख्याध्यापिका आल्या. प्रत्येक मुलाने स्वतः डोळा लावून पाहिलंच पाहिजे, असं त्यांनी सांगून टाकलं. सरांना मला बाहेर काढावंच लागलं. नववीचा वर्ग रांगेत उभा राहिला. प्रत्येक जण वाके, "दिसलं, सर" म्हणे आणि जागेवर जाऊन फळ्यावरच्या विटा काढी. काय डोंबल दिसणार होतं त्यांना? अंधाऱ्या, दमट कपाटात राहून माझ्या वरच्या भिंगावर बुरशी चढली होती.

मग एक उंच मुलगी आली. वर्गात तिला लंबू म्हणतात. ती बराच वेळ पाहत राहिली आणि दिसले तसेच वेडेवाकडे धागे तिने काढले. सरांनी त्यावर लाल फुली मारली. फाजीलपणा पुरे, म्हणाले, फळ्यावरून पुन्हा काढ, नाहीतर प्रात्यक्षिकाला बसू देणार नाही. पोरीचे डोळे भरून आले. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यातून खरंखुरं पाहिलं होतं, आणि शिक्षा तिलाच! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

लंबू मात्र हटली नाही. तिने कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी सरकवून पाहिलं. मग ती काढूनच टाकली आणि पुन्हा पाहिलं. मग माझं वरचं भिंग हळूच फिरवलं.

"सर, कांदा काढला तरी जाळं आहेच," ती म्हणाली. "आणि भिंग फिरवलं की तेही फिरतंय. ते याच्या डोळ्यातच आहे."

सर वाकले. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. "इतकं जपलं मी याला," ते पुटपुटले.

अहो, म्हणूनच!

त्यांनी कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून माझी काच पुसली. काचपट्टी परत बसवली, आरसा उजेडाकडे वळवला आणि डोळा लावला. मग ते उठेचनात. ज्यांचा जन्म फळ्यावर विटा काढण्यात गेला, त्यांना खऱ्या पेशी आज पहिल्यांदा दिसत होत्या. मला रडू आलं असतं, पण नुकतीच काच पुसली होती.

"सर, आता आम्हाला," लंबू म्हणाली.

सर बाजूला झाले. तिच्या चित्रावरची फुली त्यांनी खोडली. मुलांचा घोळका माझ्यावर तुटून पडला तेव्हा त्यांनी सवयीने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

आता मी खिडकीजवळच्या टेबलावर असतो. मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणतो, काम झाल्यावर पुसा, कोरड्या जागी ठेवा, आणि रोज वापरा. पण माझ्यावर कृपा करून कुलपाची माया नको. आज सकाळीच कुणीतरी माझ्या भिंगावर चिकट अंगठा उमटवून गेलं आहे. वैताग आहे नुसता. पण पुसायची घाई करू नका.