तेरा काड्या

दादाला मी फोनवर एकदा नाही, चारदा सांगितलं होतं. प्रत्येक जनावराच्या नाकात वेगळी कापसाची काडी, प्रत्येक काडीला वेगळी नळी, नळीवर त्याच जनावराचा नंबर. "अगं कळलं! मी काय शाळेत आहे का?" म्हणाला. मग मी तरी आणखी किती डोकं फोडणार?

गोठ्यात दोन वासरं दगावली होती, उरलेली बारा खोकत होती. दादाचं बोट सरळ वहिनीच्या तांबूकडे. ही गाय वहिनीने महिन्यापूर्वीच माहेरून आणलेली, म्हणजे रोग तिनेच आणला! तांबू एकदाही खोकली नाही, हे सांगून सांगून वहिनी दमली. शेवटी गुरांचे डॉक्टर म्हणाले, भांडू नका, तपासून घ्या. तांबूच्या आणि वासरांच्या नाकातल्या जीवाणूंची जनुकं जुळली, तर गाय काढा. वेगवेगळी निघाली, तर दोष कोंदट गोठ्याचा. मागची भिंत फोडा.

नमुने दादाने घेऊन पाठवले. तपासणी माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याच हातची. जनुकांचे पट्टे उमटले आणि मी बघतच राहिले. तेराच्या तेरा रांगा हुबेहूब सारख्या! इतकं स्वच्छ काम वर्षभरात जमलं नव्हतं, म्हणून मी आपली स्वतःवरच खूश. इतकं सारखं कसं काय, एवढा साधा प्रश्न पडू नये मला? 'सर्व नमुने एकाच जातीचे, उगम एकच' असं लिहून सही ठोकली. रोगट गाय घेणार कोण? बंदी असूनही चार दिवसांत कत्तलखान्याची गाडी गुपचूप तांबूला घेऊन गेली.

आणि खोकला? तो तसाच. तिसरं वासरू गेलं तेव्हा मी स्वतः काड्या घेऊन गोठ्यात उतरले. पहिल्याच वासराने अशी लाथ घातली की मी शेणात बसले. दादाला हसू आवरेना.

"त्या आडदांडाच्या नादी कशाला लागतेस? त्या बुटक्या कालवडीच्या नाकातून घे सगळे नमुने. गरीब आहे ती, हलत नाही. मागच्या वेळी मी तेच केलं."

"सगळे?"

"मग काय! एकाच गोठ्यात राहतात, एकच पाणी पितात. रोग काय वेगवेगळा असणार आहे?"

"अरे, तांबूचासुद्धा?"

"ती शिंगं उगारायची गं."

कपाळ माझं! ओरडावं की रडावं, कळेना. एकाच वासराचं नाक मी तेरा वेळा तपासलं होतं, आणि त्यावर एक चांगली गाय मारली होती.

वहिनी बादली घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता दादाची खैर नाही. पण तिने बादली खाली ठेवली, कोपऱ्यातली पहार उचलली आणि दादाच्या हातात दिली.

"भिंत फोडा."

मग माझ्याकडे वळली.

"ह्यांचं मी ऐकलं नसतं हो, ताई. तुमची सही बघितली आणि तांबूचं दावं मी माझ्या हाताने सोडलं."